खंडेनवमीला आलेली व्हीबी

२०१८ साली माझा मुलगा संजीव आयर्लंडमधल्या वॉटरफोर्डच्या इस्पितळात डॉक्टर होता आणि आम्ही शहराबाहेर भाड्याच्या घरात राहत होतो. शेजारी मॉसी पॉवर नावाचा म्हातारा शेतकरी एकटाच राहायचा. त्या वर्षी खंडेनवमीला माझ्या सुनेनं, सुचित्रानं, त्यालाही बोलावलं. "आम्ही हत्यारं-अवजारं पुसून, तेल घालून पुजतो. तुमचं एखादं घेऊन या," असं तिनं सांगितलं होतं. विळा नाहीतर कुदळ आणेल, असं आम्हाला वाटलं.

दुपारी तो आला तो घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी खांद्यावर घेऊन. पाटावर स्टेथोस्कोप, लॅपटॉप आणि विळी मांडली होती. त्यांच्या शेजारी त्यानं घोंगडी उलगडली.

मी बघतच राहिले. लांब नळी, पुढे दोन पाय, वर चढवलेलं वाकडं मॅगझीन. माझे वडील ईशापूरच्या बंदुकांच्या कारखान्यात होते. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत तिथं हीच बनायची, व्हिकर्स-बर्थिए मशीनगन. कारखान्यात सगळे तिला व्हीबी म्हणत. विलायतेनं ब्रेन गन निवडली, हिंदी फौजेनं ही. पुढं ब्रेनचं नाव झालं आणि हिला लोक विसरले. वडिलांना ते फार लागायचं. जेवताना ताटाशेजारी बोटानं तिची खिट्टी काढून दाखवायचे आणि आई वैतागायची.

"बापानं इटलीतून आणली," मॉसी म्हणाला. "ब्रिटिश फौजेत होता, तुमच्याच शिपायांच्या शेजारी लढला तो."

"भरलेली नाही ना?" संजीवनं विचारलं.

"रिकामी आहे, डॉक्टर. बाप शपथेवर सांगायचा. पण चकाकते कशी बघा! लग्नातल्या बुटांनाही मी एवढं पॉलिश केलं नव्हतं."

सगळे हसले. सुचित्रा निरांजन घेऊन पाटासमोर बसली. पाच वर्षांची ईशानी झेंडूची फुलं वाहू लागली.

"सकाळी तेल पाजलं," मॉसी मला सांगत होता. "ती दांडी इतक्या वर्षांनी हलली. खट्कन मागे!"

"मग पुढे गेली?"

"नाही. तिथेच अडकली."

ती अडकली नव्हती. दांडी ओढली की व्हीबीची खिट्टी मागेच थांबते. घोडा ओढला की ती पुढे झेपावते आणि जाता जाता मॅगझीनमधली गोळी नळीत घालून उडवते.

"मॅगझीन काढून बघितलंत?"

"निघतच नाही. गंजलंय."

"लुक, आजी, इट फिट्स!"

ईशानीनं झेंडूचा देठ घोड्याच्या कडीत खुपसला होता. बोट अजून देठावरच होतं. नळीचं तोंड सुचित्राच्या छातीसमोर.

ओरडले असते तर पोर दचकली असती. मी तळवा पुढे केला. "ईशू, आजीला टाळी दे. जोरात."

तिनं क्षणभर फुलाकडे पाहिलं. मग हात काढला आणि टाळी दिली. ते मनगट मी सोडलंच नाही.

"सुचित्रा, बसल्या बसल्या डावीकडे सरक. पाटाला हात लावू नकोस."

"आई, आरती अर्धवट..."

"सरक म्हणते ना!"

ती सरकली. मॉसी फूल काढायला वाकला. संजीवनं त्याचा दंड धरला. "मॉसी, राहू दे ते. बाहेर चला."

अंगणात संजीवनं पोलिसांना लावायला फोन काढला. मॉसीनं तो हातानं झाकला. "डॉक्टर, गार्डांना नको. ते घेऊन जातील. बापाचं एवढंच उरलंय माझ्याकडे."

"आत माझी बायको बसली होती, मॉसी."

म्हाताऱ्यानं हात मागे घेतला.

आधी गार्डा आले, मग सैन्याची गाडी. बऱ्याच वेळानं एक तरुण अधिकारी बाहेर आला. मॅगझीन भरलेलं होतं. "सगळ्या गोळ्या फुसक्या निघाल्या असत्या कदाचित," तो म्हणाला, "कदाचित नसत्याही." मॉसी भिंतीला टेकून खाली बसला. सुचित्रानंच त्याला पाणी दिलं.

मॉसीची चौकशी झाली, खटला झाला नाही. व्हीबी सैन्यानं नेली. पुढं तिचं काय केलं, ते आम्हाला कुणी कळवलं नाही. संजीव आता कॉर्कला असतो. सुचित्रानं नोकरी बदलली. ईशानी शाळेच्या संघात कॅमोगी हा इथला काठी-चेंडूचा खेळ खेळते आणि माझ्या मराठीला इंग्रजीत उत्तरं देते. मॉसी २०२२ साली गेला. इथंही शेजारी शवपेटी खांद्यावर नेतात. त्याच्या पुतण्यानं संजीवला फोन करून बोलावून घेतलं, आणि पेटीच्या पुढच्या उजव्या बाजूला, घरच्या माणसाच्या जागी, उभं केलं.