रूळ नेले, जमीन राहिली

थोरली शिवणकाम करायची, आणि हाती घेतलेलं काम अर्धवट टाकणं तिच्या रक्तातच नव्हतं. त्यामुळे धाकट्या बहिणीचा पाय मोडल्याचं कळलं, तेव्हा मशीनवर झाकण घालता घालताच तिने सांगून टाकलं, "मी रोज जाणार तिच्याकडे."

"रोज? कशी?" मुलाने विचारलं.

प्रश्न खरा होता. धाकटीचं गाव टेकडीपलीकडे, पूर्वीच्या गाडीने इथून दोनच स्टेशनं. पण गाडी बंद पडली, रूळ उखडून नेले, आणि आता आठवड्यातून एकदाच बस जायची, तीही टेकडीला वळसा घालून.

"रूळ नेले, जमीन थोडीच नेली," म्हणत थोरली कोयता शोधायला लागली.

रुळांच्या जागी काटेरी झुडपं माजली होती. सकाळी कपडे बेतायचे, दुपारी झुडपं तोडायची, असा तिने सपाटाच लावला. "काकू, गाडी किती लेट?" असं चिडवणारे होतेच. "तू धक्का दिलास तर येईल वेळेवर," ती वर न बघता म्हणायची.

मधल्या स्टेशनापाशी मात्र घोडं अडलं. तिथे दोन्हीकडे उभा कडा, आणि फलाटावर एकाने कोंबड्यांची शेड बांधून कुंपण थेट कड्यांना भिडवलेलं.

"जागा माझी आहे. लिलावात घेतलीय," कोंबडीवाला म्हणाला.

"असू दे ना बाबा. मी कुठे मागतेय? मला नुसतं पलीकडे जायचंय."

"अनोळखी माणूस दिसलं की कोंबड्या बिथरतात. अंडी देत नाहीत."

"मग होऊ दे त्यांची माझी ओळख."

दुसऱ्या दिवसापासून ती कुंपणाबाहेर दगडावर बसून काजं-बटणं करू लागली. ना भांडण, ना विनवणी. आधी तिला पाहून पळणाऱ्या कोंबड्या हळूहळू जाळीशी येऊन टकामका बघू लागल्या. शेवटी कोंबडीवाल्यानेच हात टेकले.

"या आतून. पण तोंडातून शब्द काढायचा नाही."

गप्प राहणं थोरलीच्या अगदी जिवावर यायचं. तरी ओठ घट्ट मिटून, चपला हातात घेऊन ती फलाटाच्या कडेकडेने पार झाली.

पलीकडची झुडपं तोडण्यात आणखी काही दिवस गेले. मग एका सकाळी ती धाकटीच्या दारात उभी राहिली.

"आज बस नसते. कशी आलीस?" धाकटीने खाटेवरूनच विचारलं.

"रुळांच्या वाटेने. चालत."

तिचे ओरबाडलेले हात पाहून धाकटीचे डोळे भरून आले. "वेडी आहेस तू. उद्या नको येऊस, दमशील."

"उद्याही येणार," थोरली तिच्या पायाखालची उशी बाजूला करत म्हणाली. "आणि तू बरी झालीस की त्याच वाटेने तू यायचंस. एका पायावर उठ आता, माझा खांदा धर."