सुगडन मास्तरांची सिंफनी आणि गिरणीचा भोंगा

सांगतो, पण तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसायचा नाही. माझ्या बायकोचा एकतीस वर्षांत बसलेला नाही. हॅगडेलच्या वाद्यवृंदात नगारे बडवणारा मी, जेथ्रो पिकल्स, त्या शनिवारी दुपारी मंचावर होतो.

इनॉक सुगडन आमचे मास्तर. रविवारी चॅपलात ऑर्गन वाजवायचे आणि एरवी संध्याकाळी आम्हा विणकऱ्यांकडून शिव्या घालून घालून संगीत काढायचे. त्यांनी डावी भुवई उचलली की टेकडीवरची मेंढरंसुद्धा चरायची थांबत.

"मागच्या खेपेला सांगितलंस तेव्हा गाढवं होती," बिअर ओतता ओतता गुत्त्याची मालकीण बोलली.

"गाढवं आत वाजवत होती, मार्था. तू ऐक."

तर मास्तरांनी अकरा वर्षं खपून सिंफनी लिहिली. ती ऐकायला लंडनहून वर्तमानपत्राचा टीकाकार यायचा होता. त्यानं नाक मुरडलं की नगरपालिका आमचं सभागृह स्केटिंगवाल्यांना देणार, वाद्यवृंद बंद, हे सगळ्या गावाला ठाऊक.

काय वाजवलं आम्ही! बोळक्या एमॉसच्या ट्रॉम्बोननं छताचा गिलावा पाडला, आणि तो पडलाही तालात. शेवट मात्र मास्तरांनी अगदी हळू लिहिलेला. एकटं व्हायोलिन, विझत जाणारं. ते विझलं. आणि सभागृह चिडीचूप.

आता आमची माणसं पडली चॅपलची. काही काळजाला भिडलं की मान खाली घालून बसायचं. टाळी म्हणजे पाप. लंडनवाल्याला हे काय ठाऊक? त्यानं वही मिटली, टोपी उचलली. मास्तरांची ताल द्यायची छडी अजून हवेतच.

तेवढ्यात, देवाशपथ, गिरणीचा भोंगा झाला! भोंगा झाला की आमचं गाव झोपेतसुद्धा उठून उभं राहतं. नऊशे माणसं एका झटक्यात उभी! टीकाकाराच्या हातातली टोपी गळाली. तोही उठला आणि वेड्यासारखा टाळ्या पिटू लागला. मग आमच्यातल्या एकेकानं पाप करायला सुरुवात केली. मास्तर वळले तेव्हा टाळ्यांनी खिडक्या हादरत होत्या. सोमवारच्या पेपरात काय आलं? असे श्रोते राजधानीतही नाहीत! सभागृह आजही आमचंच आहे.

"तेव्हा मंडळी," मी ग्लास आपटला, "मास्तरांना तारलं ते भोंग्यानं!"

कोपऱ्यातून सेथ उठला. गिरणीचा म्हातारा बॉयलरवाला.

"ए जेथ्रो, पुरे! त्या दिवशी बॉयलर थंडगार होता. भोंगा वाजवणारा मी, आणि मी तिसऱ्या रांगेत बायकोशेजारी बसलो होतो. भोंगाबिंगा काही झाला नाही. आधी मी उठलो, मग सगळे. मास्तरांसाठी उठलो रे, लबाडा!"