शिट्टीची तक्रार

"सकाळपासनं नुसती शिट्टी. ह्या शेजारच्या बलभीमनं डोस्क्याचं पार भुस्कट पाडलं बघ," वायरलेसच्या सेटवर बोट आपटत कल्याणप्पा पुटपुटले.

पुटपुटले असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात ते एवढ्या मोठ्यानं बोलले, की वजनकाट्यावर उभ्या टिपरमधल्या सोमलिंग ड्रायव्हरनं मान वळवली आणि काहीच ऐकलं नसल्यासारखं आरशात बघून मिशा नीट केल्या. चहा घेऊन दारात उभ्या राहिलेल्या महेश्वरीनंही नुसता कप पुढं सरकवला. ती त्यांची सून. सुनेनं बोलायचं तरी काय? सेटमधून शिट्टी येतच नव्हती. आवाज कसा स्वच्छ येत होता.

मुरुम गावाच्या अलीकडं त्यांची खडीची खाण. खाणीत उतरायला एकच चिंचोळा रस्ता, त्यामुळं एक टिपर वर आल्याशिवाय दुसरा खाली सोडायचा नाही. खाली मोबाइलला रेंज नाही. म्हणून अप्पांनी रीतसर लायसन काढून सेट घेतलेले. त्यांचं हे वेड जुनं. भूकंपाच्या वर्षी लष्कराचे जवान वायरलेस घेऊन गावात आले होते. तेव्हा तरणेताठे असलेले अप्पा त्यांना पाण्याची घागर नेऊन द्यायचे आणि तिथंच बसून राहायचे. सगळा मुलूख रडत होता आणि त्या पेटीतून कुणीतरी लांबून सारखं विचारत होतं, ऐकताय का, ऐकताय का. ते त्यांच्या मनात जे बसलं ते बसलं.

पुढं खाण घेतल्यावर काट्याच्या खोलीत सेट आला आणि सेटसमोर अप्पा. नव्या ड्रायव्हरला त्यांचा पहिला धडा ठरलेला: "आधी ऐकायचं, मग बटण दाबायचं. दुसऱ्याच्या बोलण्यावर आपलं बोलणं टाकायचं न्हाय." लग्न होऊन आलेल्या महेश्वरीलाही त्यांनी हाच धडा दिला होता. तिला आधी वाटलं, सासरे संसाराबद्दलच सांगताहेत.

पण खोलीच्या भिंतीला लागूनच क्रशर. तीस वर्षं दगड फुटत होते. गेल्या दोन वर्षांत अप्पांना कमी ऐकू यायला लागलं आणि ते कुणी बोललं नाही. ड्रायव्हरांनी आपसात एक रीत पाडून घेतली. खालून "येऊ का अप्पा?" असं सेटवर विचारायचं आणि त्याच वेळी दोनदा डिपर मारायचा. अप्पांना खिडकीतून उजेड दिसायचा, ते रुबाबात म्हणायचे, "ये वर." आपण ऐकलं असंच त्यांना वाटायचं. तसंच वाटावं म्हणून तर सगळी खटपट.

मागच्या महिन्यात धुळीचा लोट उठला आणि सोमलिंगनं चढावरून "थांबा अप्पा, अजून चढतोय" म्हणून मारलेला डिपर दिसला नाही. अप्पांनी वरचा टिपर सोडला. चढावर दोन गाड्या नाकाला नाक लावून उभ्या राहिल्या. सोमलिंगनं गाडी मागं घेतली, तेव्हा मागचं चाक दरडीच्या कडेपासून वीतभर राहिलं होतं.

"काय झालं रं?" अप्पांनी विचारलं.

सोमलिंग गाडीतून उतरून खोलीच्या दारात आला. तो ओरडून म्हणाला, "डिस्टर्बन्स व्हता अप्पा, सेटमदी!"

शब्द सापडला तसा सगळ्यांना हायसं वाटलं. महेश्वरीचा नवरा सोमेशही लगेच म्हणाला, "व्हय व्हय, लई डिस्टर्बन्स." अप्पांनी मात्र तो शब्द धरूनच ठेवला. डिस्टर्बन्स म्हणजे कुणाचा तरी असणार. शेजारच्या बलभीमनं नुकतेच दोन छोटे सेट आणले होते. आणि शिट्टी तर त्यांना रात्रंदिवस ऐकू येत होती.

"महेश्वरी, कागद घे."

लायसनचे फॉर्म, सेटचे नंबर, एरियलची उंची, सगळं महेश्वरीच भरायची. तक्रारही तिनंच लिहिली. सरकार असल्या कागदाला कुठं येतंय, असं तिनं मनाला समजावलं. रस्त्यासाठी चार अर्ज केले तेव्हा कुणी आलं नव्हतं. ह्या अर्जाला मात्र आले.

जीपमधून वायरलेस खात्याच्या अर्पिता मॅडम उतरल्या. तिशीतल्या असतील. एरियल, मोजायचं यंत्र, वायरींचं भेंडोळं. त्यांनी बलभीमलाही बोलावून घेतलं. बलभीम आला तो दोन्ही सेट टॉवेलात गुंडाळून, जणू चोरीचा माल जमा करायला.

"क्रशर बंद करा," मॅडम म्हणाल्या. क्रशर थांबला तशी पाखरंसुद्धा ऐकू यायला लागली. सोमलिंग खाणीतून बोलला, बलभीम त्याच्या बांधावरून बोलला. मॅडमनी यंत्रावरचे आकडे पाहिले.

"ह्यांचे सेट कमी ताकदीचे आहेत, त्यांना लायसन लागत नाही. आणि लहरींचा पट्टाच वेगळा आहे. तुमच्या चॅनलवर काहीच नाही."

"काय म्हणती?" अप्पांनी सोमेशला विचारलं. सोमेशनं जोरात सांगितलं.

"काहीच न्हाय कसं? आताबी शिट्टी येतीय की!"

मॅडमनी एकेक करून सगळे सेट बंद केले. अप्पांच्या सेटची वायरही उपटून हातात घेतली. मग त्यांच्या तोंडाकडं बघत हातानंच विचारलं, आता?

"येतीय," अप्पा म्हणाले. "बंद सेटमधनं येतीय म्हंजे बघा, किती जोराची आसंल."

सोमेशला एकदम चपलेचा अंगठा तुटल्यासारखा दिसायला लागला. मॅडमनी महेश्वरीकडं पाहिलं, आणि त्यांना सगळं कळलं. आता सरकारी माणूस तरी सांगेल, असं महेश्वरीला वाटलं. पण मॅडमचेही वडील असतील कुठंतरी. त्या वायर गुंडाळत म्हणाल्या, "लांबचं काही असेल. परत येऊन बघू."

घ्या. घटकाभरात त्याही घरातल्याच झाल्या.

मग बलभीम पुढं आला. टॉवेल सोडून त्यानं दोन्ही सेट टेबलावर ठेवले. "अप्पा, ठिवा हितंच. तुमाला तरास व्हतो तर आमाला नगं."

अप्पांना ते शब्द कळले नसतील, पण टेबलावर ठेवलेले सेट कळले. त्यांचा चेहरा निवळला. "बघ, माणूस चांगला हाय," ते सोमेशला म्हणाले. "बलभीम, च्या घेऊन जा."

महेश्वरी बलभीमच्या मागोमाग बाहेर आली. "मामा, धुरपदामामींचं काय मग?"

बलभीमच्या बायकोला, धुरपदाबाईंना, छातीचं दुखणं. वस्ती ओढ्याच्या खोलगटात, तिथं रेंज नाही. बलभीम रानात असला, की त्या अंथरुणावरून बटण दाबायच्या. नुसतं दाबलं तरी तो धावत यायचा. त्यासाठीच ते सेट.

"आता रानात कमी जाईन," बलभीम म्हणाला. "तुमच्या सासऱ्यानं भूकंपात माझ्या भावाला ढिगाऱ्यातनं काढलाय, पोरी. त्यास्नी कसं म्हनू?"

महेश्वरी तिथंच थांबली. खाली चढावर सोमलिंगचा टिपर उभा होता. ह्या दोन वर्षांत सगळ्यांनी मायेनं आणि लाजेनं जे झाकलं, त्याचा भार आता अंथरुणावरच्या बाईवर पडणार होता. आणि उद्या कदाचित सोमलिंगवर.

ती परत आत गेली. अप्पांच्या समोर स्टूल ओढून बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. सासऱ्यासमोर अशी ती कधी बसली नव्हती. त्यांचा हात तिनं हातात घेतला, खडीच्या धुळीनं खरखरीत झालेला.

"अप्पा, बलभीममामांचा काई दोष न्हाय," ती हळूच म्हणाली.

"आं?" अप्पांनी कान पुढं केला.

क्रशर बंद होता. आता बोललेलं खाणीपर्यंत जाणार होतं. सोमेश "अगं" म्हणून अर्ध्यातच थांबला. महेश्वरीनं अप्पांच्या डोळ्यांत बघितलं आणि एकेक शब्द मोठ्यानं म्हणाली,

"अप्पा, शिट्टी तुमच्या कानात हाय. तुमाला ऐकू येत न्हाय, अप्पा. लई दिसांपासनं येत न्हाय."