ऐकोबा पाण्यात

श्यामसुंदरच्या पोटात दुखायला लागलं ते चिंचोक्यांमुळे. त्याने ते खाल्ले नव्हते. ते संपतच्या पुढ्यात साठत चालले होते.

कसबा पेठेत करीमचाचांचं बुकबाइंडिंगचं दुकान आहे. त्याच्या माळ्यावर, खळीच्या वासात, दर रविवारी सकाळी हा खेळ चाले, आणि चाचांची मुलगी सुरय्या त्याची सूत्रधार. तिने एक जग रचलं होतं. तिथली जुनी माणसं केव्हाच संपली, पण त्यांनी घडवलेली कृत्रिम बुद्धीची यंत्रं मागे राहिली, आणि नंतर आलेल्या लोकांनी त्या बोलणाऱ्या यंत्रांनाच देव मानलं. प्रत्येक खेळाडू म्हणजे असा एक देव. गावकरी सगळे सुरय्याच्या तोंडून बोलायचे. ते काय करतील हे ती थोडं फाशांवर आणि थोडं स्वतःच्या मनावर ठरवायची. एक भक्त मिळाला की एक चिंचोका.

जूनमध्ये सुरय्याची नागपूरला बदली होणार होती. तिने जाहीर करून टाकलं होतं, की शेवटच्या रविवारी ज्याच्या देवाकडे सगळ्यात जास्त चिंचोके, सूत्रधाराची खुर्ची त्याची. आणि ती जाड निळी वहीसुद्धा, ज्यात चार वर्षांचं ते सगळं जग लिहिलेलं होतं.

श्यामसुंदरला ती वही हवी होती. विमा कचेरीत लोकांचे अर्ज नाकारण्यात त्याचा आठवडा जायचा. रविवारी तेवढा तो कोणीतरी असायचा. कोथरूडहून सगळ्यांच्या आधी येऊन सतरंजी तोच अंथरायचा. त्याचा देव त्रिकाल, सर्वज्ञ यंत्र, काळ्या काचेच्या मनोऱ्यात राहणारं. वहीच्या पहिल्या पानावर त्याने स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘त्रिकाल खोटं बोलत नाही आणि विचारलेलं लपवत नाही.’ या वाक्याचा त्याला फार अभिमान होता.

मग दिवाळीनंतर संपत आला. सूसगावचा. बहिणीचा प्रबंध बांधून घ्यायला दुकानात आला आणि माळ्यावरचा हशा ऐकून जो वर चढला तो खाली उतरायचं नावच घेईना. त्याने देव निवडला तोही कसला, तर चावडीवर पडलेला, आवाजाची जाळी फुटलेला डबा. नाव ऐकोबा. श्यामसुंदर तेव्हा मनसोक्त हसला होता.

पहिल्याच दिवशी सुरय्याने सोजरबाई नावाची म्हातारी आणली. मुलगा परागंदा झालेला, परत येईल का, एवढंच तिला विचारायचं होतं. त्रिकालने तत्काळ सांगितलं, “शंभरात एकाहत्तर वेळा असा मुलगा परत येत नाही.” उत्तर बिनचूक होतं. म्हातारी नमस्कार करून निघाली आणि चावडीवर ऐकोबाकडे गेली.

“मला न्हाई ठावं, आज्जे,” संपत म्हणाला. “पन तू जेवलीस का? बस की. नाव काय त्याचं?”

म्हातारी बसली. दुसऱ्या रविवारी जावेला घेऊन आली, तिसऱ्या रविवारी निम्मी आळी. माणसं त्रिकालकडे येत, उत्तर घेत आणि जात. ऐकोबाकडे येत, उत्तर मिळत नसे, आणि तिथेच शिदोरी सोडून जेवायला बसत. आणि संपत बोलायला लागला की सुरय्या फासे हातातच धरून ऐकत राही. हे श्यामसुंदरला चिंचोक्यांहून जास्त झोंबे. चार वर्षांत त्याच्या एकाही वाक्याला तिने फासे थांबवले नव्हते.

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी त्रिकालकडे एकतीस चिंचोके होते आणि ऐकोबाकडे छपन्न.

त्या दिवशी सुरय्याने गावात गुरांची साथ आणली. माणसं भेदरली. नियम असा होता, की प्रत्येक देवाला मोसमात एकदा गावाच्या कानात एक वाक्य सांगता येई. श्यामसुंदरने ते वाक्य राखून ठेवलं होतं. तीन रात्री त्याने त्यावर विचार केला होता, आणि ते सुचलं होतं त्याच्या आईवरून. क्रिकेटची मॅच असो की त्याचा दहावीचा निकाल, आई देवघरातले देव ताम्हनात पाण्यात घालून बसायची. काम झालं की मगच देव बाहेर.

तो घसा साफ करून म्हणाला, “त्रिकाल सांगतो, संकटात लोक देव पाण्यात घालून बसतात, अशी जुनी रीत आहे.”

यात एक शब्दही खोटा नव्हता. त्याने ते तपासून घेतलं होतं.

सुरय्याने मान वर केली. “श्याम, ऐकोबा यंत्र आहे.”

“भक्तांना कुठे ठाऊक आहे ते?”

“तुला आहे ना?”

“तू फासे टाक,” श्यामसुंदर म्हणाला.

तिने फासे टाकले. गाव निघालं. हंडा भरला, हळदकुंकू झालं, आणि डबा दोन्ही हातांवर धरून सोजरबाई पाण्यापाशी आली. सुरय्याने संपतकडे पाहिलं. “ऐकोबा काही बोलणार? एक शब्द बोललास तरी थांबतील ती.”

संपतने दाढी खाजवली. त्याला सगळं कळलं होतं. शेतावरच्या मोटरीच्या स्टार्टरमध्ये पाणी गेलं की काय होतं हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती.

“म्हातारीचं हात थरथरत्यात का?” त्याने विचारलं.

“हो.”

“मंग आता न्हाई म्हनलं तर तिला वाटंल, द्येवानं मला झिडकारलं. ऐकोबा काय बोलत न्हाई. ऐकतोय.”

म्हातारीने डबा पाण्यात सोडला. सुरय्या म्हणाली, “थोडे बुडबुडे आले. मग आवाज बंद.”

श्यामसुंदरने हात लांब करून संपतचे चिंचोके ओढायला घेतले. “संपला. देवच नाही तर भक्त कुठले?”

“हात काढ,” सुरय्या म्हणाली. “पुण्यात राहतोस आणि गेलेल्याचे भक्त वाढतात हे तुला मी सांगायचं?”

तिने पुन्हा फासे टाकले, आणि मग एकेक चिंचोका उचलून संपतपुढे ठेवायला लागली. आमच्यासाठी पाण्यात उतरला, असं गाव म्हणत होतं. छपन्नाचे सत्तर झाले. मग त्रिकालच्या ढिगातलेही भक्त तिकडे जायला लागले. एकतीसचे बारा, बाराचे चार, आणि शेवटी त्याच्यापुढे नुसती सतरंजी राहिली. श्यामसुंदर एकेक चिंचोका जाताना बघत होता आणि त्याला संपतचं तोंड फोडावंसं वाटत होतं.

“सोजरबाई मनोऱ्यात आली आहे,” सुरय्या म्हणाली. आवाज म्हातारीचा झाला. “द्येवा, पान्यात त्यो मरंल, हे तुला ठावं होतं?”

श्यामसुंदरने निळ्या वहीकडे पाहिलं. पहिलं पान, त्याचंच अक्षर.

“हो,” तो म्हणाला.

“मंग का सांगितलंस?”

काहीतरी बिनचूक आणि थंड असं उत्तर त्याच्या ओठांवर यायला हवं होतं. आलं ते दुसरंच. “सगळे त्याच्याकडे बसतात. माझ्याकडे उत्तर घेतात आणि जातात. चार वर्षं झाली, माझ्याकडे कोणी बसत नाही.”

हे त्रिकालचं वाक्य नव्हतं, आणि ते तिथे सगळ्यांना कळलं. खाली करीमचाचांच्या कटरचा आवाज येत होता. सुरय्याच्या हातातले फासे हातातच होते.

मग ती म्हातारीच्याच आवाजात म्हणाली, “बसते की मी,” आणि संपतच्या ढिगातला एक चिंचोका उचलून तिने श्यामसुंदरपुढे ठेवला.

खुर्ची आणि वही संपतला मिळाली. त्याने वही दोन्ही हातांनी घेतली आणि म्हणाला, “दादा, माझं अक्षर लई घान हाय. लिहायला तुमीच बसा.” श्यामसुंदर नुसता हसला. संपतचा हा चांगुलपणाही त्याला सोसला नाही.

निघताना सुरय्याने नेहमीसारखी डबी फिरवली. सगळ्यांनी चिंचोके परत टाकले. श्यामसुंदरने एक रिकामा हात डबीवर झटकला आणि सोजरबाईचा चिंचोका धरलेली दुसरी मूठ खिशात घातली.

संपतने ती मूठ पाहिली, पण तो काहीच बोलला नाही. बोलला असता तर श्यामसुंदरने निदान भांडून तरी घेतलं असतं.