ते पीत नव्हते

हातोडा सकाळी गेला. त्याचे पाय अजून गार पडले नव्हते, तोच डॉक्टरीणबाईंनी त्याच्या बायकोला शेजारच्या खोलीत बसवलं आणि पाण्याचा ग्लास तिच्यापुढे केला. मग खुर्ची जवळ ओढून त्या म्हणाल्या, "ही वेळ नाही, मला कळतंय. पण उद्या विचारून उपयोग नाही. त्यांचा मेंदू तपासणीला द्याल का?"

बायकोच्या आधी दीरच उसळला. "काहीतरीच काय! जिवंतपणी कमी हाल झाले का त्याचे? आता तरी सोडा त्याला!"

सहा वर्षांच्या जागरणाने बायकोचं तोंड असं सुकलं होतं की रडायलाही त्यात ओल उरली नव्हती. हॉटेलच्या धुलाईघरात ती चादरींना इस्त्री करायची. वाफेने लाल झालेले तिचे हात मांडीवर पालथे पडले होते आणि ती त्यांच्याकडेच बघत होती.

हातोडा हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते गावाने ठेवलं. कोपऱ्यावरून बॉल उंच उडाला की हा चार जणांच्या डोक्यांवरून वर यायचा आणि कपाळाने असा ठोकायचा की समोरच्या गोलकीपरने हात उचलेपर्यंत जाळी हललेली असायची. पायाने त्याने फारसे गोल केले नाहीत. त्याचा जीवाभावाचा दोस्त कुलूप, क्लबाचा गोलकीपर, सगळ्यांसमोर म्हणायचा, "ह्याला बूट कशाला देता? पैसे वाचवा, एक टोपी घ्या!" क्लब मोठ्या गटात गेला तो हातोडाच्या डोक्यावर. त्या वर्षी जन्मलेल्या निम्म्या पोरांना त्याचं खरं नाव मिळालं. भाजीवाली त्याला पिशवीत दोन कांदे जास्त घालायची, आणि पोलिसांनी हटकलं तर ते सही मागण्यासाठी.

खेळ सुटल्यावर तो गोदामात देखरेखीला लागला. सगळं नीट चाललं होतं. मग पन्नाशी उलटली आणि माणूस हळूहळू हातातून निसटायला लागला. आधी शब्द अडायचे. मग रस्ते चुकायला लागले. मग राग. आयुष्यात कुणावर आवाज न चढवलेल्या माणसाने एकदा जेवताना लेकीच्या थोबाडीत मारली आणि लगेच तिलाच विचारलं, "कुणी मारलं गं तुला?" चालताना झोक जायचा, जीभ जड झाली. गोदामवाल्यांनी आधी सांभाळून घेतलं, मग घरी बसवलं.

गावाने आपला अर्थ लावला. हातोडा प्यायला लागला. बाप दारूतच गेला होता, तेव्हा कुणाला फार डोकं खाजवावं लागलं नाही. "बापावर गेला," म्हणून लोक मोकळे झाले. खरं तर बापाचे ते दिवस बघितले म्हणूनच दोघा भावांनी जन्मात थेंबाला शिवलं नव्हतं. पण हे कुणाकुणाला सांगत बसणार?

एका थंडीत तो पाव आणायला म्हणून बाहेर पडला. बेकरीत गेला, पाव उचलला आणि पैसे मागितल्यावर नुसता बघत राहिला. बेकरीवाल्याने बादलीभर पाणी त्याच्या अंगावर ओतलं. "उतरेल म्हणजे," तो म्हणाला आणि गिऱ्हाइकं हसली. लेक धावत आली तेव्हा बाप फुटपाथवर भिजून थरथरत बसला होता, पाव छातीशी धरून. बायको कामावरून तशीच एप्रनवर पोचली. तिने नवऱ्याचा जबडा दोन्ही हातांनी उघडला आणि बेकरीवाल्याला म्हणाली, "या. वास घ्या. या ना पुढे!" कुणी पुढे आलं नाही. पण कुणी बोलायचंही थांबलं नाही.

त्या दिवसापासून तिने त्याला एकट्याला बाहेर सोडलं नाही. ती कामावर असताना लेक घरी थांबायची, लेक कामावर असताना ती. रविवारी कुलूप यायचा. सायकल दुरुस्तीचं दुकान बंद ठेवून तो मित्राची दाढी करायचा, आंघोळ घालायचा, आणि जुन्या मॅचच्या गोष्टी स्वतःच सांगून स्वतःच हसायचा. बाकीचे हळूहळू यायचे बंद झाले. क्लबातून तर कुणी उंबरा चढलं नाही.

हे सगळं त्या खोलीत तिच्या डोळ्यांपुढून गेलं असेल. तिने ग्लास खाली ठेवला.

"बाई, मेंदूत दारू कळते?"

"पुष्कळदा तिच्या खुणा राहतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि मार लागल्याच्याही राहतात. मला संशय आहे तो त्याचा."

"मग घ्या," ती म्हणाली.

"वहिनी!" दीर ओरडला. "लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणून झालेत, भाऊजी."

अंत्ययात्रेला सगळं गाव लोटलं. दुकानं बंद, गळ्यागळ्यांत क्लबाचे हिरवे गमछे, बाप्ये लोक पोरांसारखे हमसून रडत होते. बेकरीवालाही फुलं घेऊन आला आणि तिच्यापुढे येऊन म्हणाला, "देवमाणूस होता हो." तिने फुलं घेतली. लेकीने मात्र तोंड फिरवलं. सहा वर्षं ही माणसं होती कुठे, हा प्रश्न तिच्या ओठांवर होता. आईने तिचा हात घट्ट दाबला म्हणून तो तिथेच राहिला.

तपासणीचं कळायला काही महिने लागले. डॉक्टरीणबाईंनी बोलावलं तेव्हा मायलेकींबरोबर दीरही गेला. जायला नको म्हणत होता आणि तरी सगळ्यांत आधी तोच तयार होऊन बसला होता.

डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. मेंदू आकसला होता, आतून ठिकठिकाणी खराब झाला होता. डोक्याला वर्षानुवर्षं बसत राहिलेले धक्के, हेच कारण. दारूचा कुठे मागमूस नव्हता.

बायकोने पदर तोंडात कोंबला. आत साठलेलं सगळं आता कुठे बाहेर पडलं. लेक तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

दीर मात्र खुर्चीत ताठ झाला होता. "पण तो कधी बेशुद्ध पडला नाही. एकदासुद्धा नाही. मी होतो ना मैदानावर."

"पडावं लागत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मोठा मार एखादाच असतो. रोजच्या सरावात कपाळाने किती बॉल मारले असतील, सांगा बरं."

दीरही क्लबाकडून खेळला होता, मागच्या फळीत. भावाइतकं नाव झालं नाही, पण येईल तो बॉल डोक्याने परतवणं हेच त्याचं काम. आणि आता तो क्लबाच्या मुलांना शिकवायचा. भाऊ जसा उडायचा तसं उडायला शिकवायचा.

क्लबाने वर्षश्राद्ध म्हणा, स्मृतिदिन म्हणा, थाटात करायचं ठरवलं. मैदानाच्या एका बाजूच्या पायऱ्यांना हातोडाचं नाव द्यायचं आणि मग एक मॅच खेळवायची. बायकोला पहिल्या रांगेत बसवलं. एका बाजूला लेक, दुसऱ्या बाजूला इस्त्रीचा कडक शर्ट घातलेला कुलूप.

अध्यक्ष चांगलं बोलत होते. गोल एकेक करून सांगितले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मागून "हातोडा! हातोडा!" असा गजर उठला. आणि मग आवाज हळवा करून ते म्हणाले, "माणूस म्हटलं की पाय घसरतो. उतारवयात त्यांना एका व्यसनाने गाठलं. पण आज आपण ते पोटात घालू या—"

ती उठली. कुणी बोलावलं नव्हतं तरी मंचाच्या पायऱ्या चढली. अध्यक्ष गोंधळून बाजूला झाले. माइक तिच्या तोंडाशी येईना, तेव्हा कुलपाने मागून येऊन तो खाली वाकवला आणि तिथेच उभा राहिला.

"ते पीत नव्हते," ती म्हणाली. "कधीच नाही. त्यांच्या डोक्याला इजा झाली होती. तुमच्यासाठी डोक्याने बॉल मारून मारून झाली. डॉक्टरांनी मेंदू उघडून बघितलाय. तुम्ही त्यांना दारुडा म्हणालात, दारातून हाकललंत. पाणी ओतलंत. ते काही बोलू शकत नव्हते, म्हणून मी बोलते. आणि इथे जी पोरं खेळतात त्यांच्या आयांनीही ऐकून ठेवा."

तिला वाटलं होतं, खरं कळलं की कुणीतरी खाली मान घालेल. पण मागून एक आवाज आला, "अहो ताई, आजच्या दिवशी तरी नको!" दुसरा म्हणाला, "मग काय खेळच बंद करायचा का?" कुणीतरी शिट्टी मारली. अध्यक्षांनी तिच्यापुढचा माइक अलगद आपल्याकडे वळवला आणि दुःखामुळे माणसाचा तोल जातो, आपण समजून घ्यायला हवं, असं काहीतरी सांगितलं. टाळ्या पडल्या.

"चल आई," लेक म्हणाली.

"बसू दे. पाय चालायचे नाहीत आत्ता."

म्हणून त्यांनी मॅच बघितली. हाफटाइमच्या आधीच कोपऱ्यावरून बॉल उंच आला, एक लांबसडक तरुण सगळ्यांच्या वर उडाला आणि त्याने कपाळाने गोल ठोकला. अख्खं मैदान उभं राहिलं. "हातोडा! हातोडा!" तिने डोळे मिटले. आवाज मात्र कानांत शिरतच राहिला. कुलूप शिव्या घालत होता, कुणाला ते त्याचं त्यालाही माहीत नसावं. पलीकडे मैदानाच्या कडेला दीर उभा होता. तो तरुण त्याचाच शिष्य. सगळे त्याची पाठ थोपटत होते आणि तो नुसता उभा होता.

दोन-चार दिवसांनी दुपारी दीर घरी आला. लेक कामावर होती. त्याने चहा नको म्हटलं, मग हो म्हटलं, मग कप तसाच ठेवला.

"वहिनी, रागावलात का माझ्यावर? मी तिथे काही बोललो नाही म्हणून?"

"बोलला असतात तर बरं वाटलं असतं."

"हं." तो खिडकीबाहेर बघत होता. "त्याचं... अगदी सुरुवातीला काय झालं होतं? सगळ्यांत आधी?"

ती काही आठवायला म्हणून थांबली. मग तिने दीराच्या चेहऱ्याकडे बघितलं.

"भाऊजी, कधीपासून?"

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. बोटांच्या आडून शब्द तुटक येत होते. पोरांची नावं आठवत नाहीत. रोजची पोरं, रोजची नावं. परवा सराव संपल्यावर घर कुठल्या बाजूला ते कळेना, तर बूट बांधायचं नाटक करत बसून राहिलो. एक पोरगा म्हणाला, सर, मीही तिकडेच चाललोय, म्हणून सुटलो. "आमच्या हिला सांगितलं नाही अजून. घाबरेल ती. मी तर पार घाबरलोय, वहिनी. मी बघितलंय ना त्याला."

खोटं बोलावं असं तिच्या मनात येऊन गेलं. वय झालं, होतं असं, इतकं म्हटलं असतं तर तो आनंदाने घरी गेला असता. पण खोट्याने किती वर्षं खाल्ली होती तेही तिने बघितलं होतं.

"त्यांचंही असंच सुरू झालं होतं," ती म्हणाली.

तो रडला. ती त्याच्याशेजारी बसून राहिली. लहानपणी ह्याला भावानेच सायकल शिकवली, शाळेत सोडलं, क्लबात घातलं, हे सगळं तिला ऐकून माहीत होतं. ती इतकंच म्हणाली, "मी आहे. मला सगळं येतं आता."

जावेला त्या दोघांनी मिळून सांगितलं. मग तिघं डॉक्टरीणबाईंकडे गेले. जिवंतपणी खात्रीने सांगता येत नाही, त्या म्हणाल्या, पण लक्षणं तीच आहेत, आणि औषध नाही. सांभाळणं आहे.

दीराने मुलांना डोक्याने बॉल मारायला शिकवणं त्या आठवड्यातच बंद केलं. काही बापांनी तक्रार केली, काहींनी पोरं दुसऱ्या क्लबात नेली. महिना-दोन महिन्यांत क्लबाने त्याला शाल देऊन निरोप दिला आणि नवा शिक्षक आणला. तो लांबसडक तरुण एकदा भेटायला आला, पाया पडला आणि म्हणाला, "सर, मला मोठ्या क्लबाने बोलावलंय." दीराने त्याला जवळ घेतलं. काय सांगायचं होतं ते त्याने सांगितलं की नाही, हे कुणालाच कळलं नाही. पोरगा गेला.

पहिल्यांदा दीराचा झोक गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी हातोडाची बायको कामावर उशिरा येते असं सांगून जावेच्या गल्लीत गेली. जाऊ दारातूनच म्हणाली, "मला नाही जमायचं, ताई. लाज वाटते."

"मग तू नुसती बरोबर चल."

दोघी निघाल्या. वाणी, न्हावी, औषधवाला, बसथांब्यावरचा पेपरवाला. प्रत्येकापाशी थांबून ती तेच सांगत होती. माझे दीर, त्यांना तुम्ही ओळखता. रस्त्यात अडखळले, पैसे द्यायला विसरले, तुमच्यावर ओरडले तर हाकलू नका. हा आमचा नंबर. ते पीत नाहीत, आजारी आहेत. कुणी नंबर लिहून घेतला, कुणी नुसती मान हलवली. औषधवाल्याने स्टूल पुढे केलं आणि जरा बसा म्हणाला. न्हाव्याने वस्तरा पुसत विचारलं, "खरंच पीत नाहीत ना?"

जाऊ मागे सरकली.

"खरंच," हातोडाची बायको म्हणाली आणि तिने न्हाव्याला सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं.