पाचव्या खाचेवरची ओल

काठीवरची ओल पाचव्या खाचेच्याही वर दोन बोटं चढली होती.

ओरापिनने काठी उन्हात धरून पाहिली, फडक्याने कोरडी पुसली आणि रांजणाच्या तळापर्यंत पुन्हा सरळ बुडवली. या वेळी तिने मनात दहा अंक मोजले आणि मगच ती वर काढली. तेच. पाचवी खाच पूर्ण भिजलेली आणि तिच्या वर तपकिरी, बुळबुळीत ओल. उडोन शहरात डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी निघाली त्या सकाळी तिने अशीच काठी बुडवली होती आणि वहीत लिहिलं होतं : चौथी खाच, जेमतेम. त्याला एकोणीस दिवस झाले होते. मधल्या काळात झाडांनाही त्यातूनच जात होतं. म्हणजे आता पातळी चौथ्या खाचेच्या खाली हवी होती.

रांजणातलं खताचं मुरवण आटतं, वाढत नाही. फेस आला असेल म्हणावं, तर वरची साय पातळ आणि सपाट होती. पावसाचं पाणी म्हणावं, तर नोव्हेंबरपासून थेंब नाही, आणि रांजण पत्र्याखाली. मग तिला दोरी आठवली. मघाशी रांजणाच्या तोंडावरचं फडकं सोडताना तिने एक टोक ओढलं आणि गाठ आपसूक सुटली होती. ती स्वतः मारायची ती दुहेरी गाठ नखांनी उकलावी लागे. एक टोक ओढताच सुटणारी गाठ नदीवर होड्या बांधणारे मारतात.

तिने सामू तपासला. साडेतीन. वहीत तारीख घालून तो लिहिला आणि पातळीचा रकाना मोकळा सोडला.

रांजण थवीचा, तिच्या नवऱ्याचा. तीन वर्षांपूर्वी थवी गेला तेव्हा रांजण गळ्यापर्यंत भरलेला होता : मेकाँगमधल्या माशांची मुंडकी आणि आतडी, गळून पडलेल्या पपया, केळीचा गाभा, काकवी, देवळामागच्या गुहेतलं वटवाघळांचं खत, आणि आणखी काय काय. ते ‘आणखी काय काय’ तिला माहीत नव्हतं. किती, कधी, कशाच्या आधी काय, यातलंही काही नाही. थवी मुठीने मोजायचा. ती तालुक्याच्या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवत होती. मूठ हे माप नव्हे असं त्याला सांगायची आणि वास आला की खिडकी लावून घ्यायची. मुरवण लावायचे दिवस नेमके परीक्षेचे असत. विचारायचं राहून गेलं.

तेव्हापासून ती रांजण जगवत होती. आठवड्यातून दोनदा ढवळायचं, वाटीभर काकवी आणि तांदळाचं धुवण घालायचं. काढलं तेवढं परत भरायचं, तरी उन्हाने आटून पातळी वर्षागणिक एकेक खाच उतरत गेली होती. गावाला वाटत होतं, कृती बाईंजवळ आहे. ती कुणाला हो म्हणाली नव्हती. नाहीही म्हणाली नव्हती.

आज दुपारी तीनला देवळाच्या मंडपात गटाची बैठक होती. गावातली सात घरं परवान्यावर गांजा लावत आणि फुलं तालुक्याच्या इस्पितळाला देत; तिथल्या देशी औषधांच्या विभागात त्याचं तेल निघे, गुडघ्याला लावायचा मलम होई. इस्पितळाला साती घरांची एकच पद्धत हवी होती. एक तर सगळ्यांनी दुकानातल्या बाटल्यांवर झाडं वाढवायची, नाही तर सगळ्यांनी रांजणावर. तीन घरं बाटल्यांची होती, तीन रांजणाची. सातवं ओरापिनचं. दोन हंगाम ती एकच उत्तर देत आली होती : “अजून एक मोजमाप होऊ दे.”

मोजमापं कधीच झाली होती. घरामागच्या जाळीत सहा-सहा झाडांच्या दोन ओळी होत्या, डावी बाटलीची, उजवी रांजणाची. उंची, पानांचा रंग, वाळलेल्या फुलांचं वजन, प्रयोगशाळेचे अहवाल, सगळं वहीत होतं. दोन ओळींमधला फरक एकाच ओळीतल्या दोन झाडांमधल्या फरकापेक्षाही कमी होता. आकडे तिच्या वतीने काही बोलणार नव्हते. बाटली म्हटलं, की रांजण रिकामा करून भिंतीशी पालथा घालायचा. रांजण म्हटलं, की इस्पितळाच्या अर्जावरचा शेवटचा चौकोन समोर यायचा : घरगुती खत असल्यास, कृती सांगणाऱ्याचं नाव. म्हणजे सगळ्यांच्या देखत सांगायचं, की चौतीस वर्षं एका घरात राहून मी त्याला विचारलं नाही.

फाटक वाजलं.

“बाई, आलात का? की डोळा तिकडेच विसरलात?”

खमपन होता. थवीचा लहानपणापासूनचा मित्र, नदीवर जाळी टाकणारा, आणि गटातल्या बाटलीवाल्यांचा म्होरक्या. ती नसताना झाडांना पाणी त्यानेच घातलं होतं. आता किल्ली परत द्यायला आला होता.

“या, दादा. आले काल संध्याकाळी.”

“दिसतंय का नीट?”

“पांढरं पांढरं दिसतं. आधी सगळं पिवळट झालं होतं, ते कळलंच नव्हतं.”

“मग माझ्या तोंडाकडे बघू नका. इतके दिवस बरं चाललं होतं.” तो पायरीवर बसला आणि किल्ली तिच्या वहीवर ठेवली. “डावीकडे बाटली, उजवीकडे रांजण. कागदावर लिहिलंत तस्संच. माप डोळ्यांच्या रेषेत धरून वाचलं. माझ्या पोरीला त्याच्यावरनं वर्गात उभं केलं होतंत, विसरलो नाही मी.”

“इकडचा थेंब तिकडे नाही?”

“नाही.”

ओरापिनने काठी त्याच्यासमोर आडवी धरली. ओल अजून वाळली नव्हती.

“आणि हे?”

खमपनने काठीकडे पाहिलं, मग जाळीकडे.

“जुनी झाली काठी. फुगली असेल.”

“फुगली तर पातळी उतरलेली दिसेल, दादा. चढलेली नाही.”

“तुमच्यासमोर थाप मारायची सोय नाही.” त्याने डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि तिची कड बोटांनी सरळ करत राहिला. “नुसत्या गोडावर ठेवलंत हो त्याला तीन वर्षं. मधुमेह व्हायचा. फडकं सोडलं पहिल्या दिवशी, तर वासच नाही! आमच्या घरातल्या माशाच्या लोणच्याला त्याहून जोर आहे. थवीचा रांजण, आणि कुत्रंसुद्धा वळून बघत नाही. मला लाज वाटली.”

“काय घातलंत?”

“माझ्या घरचं. मागच्या वर्षी एक डबा लावला होता, तो ओतला. वर दोन दिवस ढवळलं.”

“तुम्ही लावला होतात?”

“मग? बावीस वर्षं त्याच्यासोबत कोण लावत होतं? आधी मिरच्यांसाठी, मग परवाना आल्यावर ह्या झाडांसाठी. तो रांजण धरायचा, मी ढवळायचो. मी धरायचो, तो शिव्या द्यायचा.”

“मला वाटायचं, तुम्ही दोघं नदीवर प्यायला बसता.”

“ते पण करायचो.”

ती हसली नाही, पण काठी खाली ठेवली.

“मग बाटल्यांच्या बाजूने का उभे राहिलात?”

खमपनने नदीकडे पाहिलं. कुंपणापलीकडे कुणीतरी वाळलेलं गवत जाळत होतं. धूर आधी नदीवर गेला, मग लाओसच्या बाजूला वळला.

“बाटलीचं झाकण एकट्याला उघडता येतं, बाई.”

त्याने टोपी उलटी केली.

“मोठा रांजण लावणं एकट्याचं काम नाही. एकाने कलता धरायचा, दुसऱ्याने तळापासून ढवळायचं. नाही तर खाली बसतं आणि नासतं. डबा जमला कसाबसा, तोही दोनदा फेकून दिल्यावर. आणि तुम्हाला कसं विचारणार? थवी तुम्हाला सगळं सांगून गेला असणार. तुम्ही कधी बोलावलं नाहीत. म्हटलं, बाईंना नको असेल कोणी.”

ओरापिनने रांजणाचं फडकं बांधायला घेतलं. गाठ मारायला तिला नेहमीपेक्षा वेळ लागला.

“तीनला येताय ना?” खमपन उठला. “आज तरी काय ते बोला. गटातली बुआसी मावशी म्हणते, बाईंचं मोजमाप होईपर्यंत आपण मरू आणि आपली राख देवळाच्या भिंतीतल्या कोनाड्यात जाऊन बसेल.”

तो गेल्यावर तिने वहीच्या मागच्या पानावर एक गणित मांडलं. दर आठवड्याला तीस भागांतला एक भाग काढायचा आणि तेवढाच नवा घालायचा. दीडशे आठवड्यांनंतर मूळचं किती उरेल? सातवीच्या मुलांना ती हे सरबताच्या बाटलीवर घालायची. मुलं पटकन म्हणायची, अर्धं. उत्तर आलं, हजारात सहा भाग. खमपनच्या डब्यानंतर त्याहूनही कमी. तिने आकड्याखाली रेघ मारली. गणित अवघड नव्हतं. तीन वर्षांत तिने ते घातलं नव्हतं, एवढंच.

दुपारच्या उन्हात रांजण तापला आणि वास घरात शिरला. कुजका, आंबट, घशाला धरणारा. परीक्षेचे पेपर तपासताना यायचा तोच. तो तीन वर्षं घरात नव्हता हे तिला आत्ता कळलं. खिडकी उघडी होती. ती उठून खिडकीपाशी गेली, झडपेला हात लावला आणि ती तशीच उघडी ठेवून परत येऊन बसली. टोपलीतला चिकट भात तिने तिथेच बसून खाल्ला.

मंडपात चटयांवर सगळे आधीच जमले होते. इस्पितळाची औषधं बघणारी पिम्पिसा अर्ज मांडीवर घेऊन बसली होती. ती एके काळी ओरापिनच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची आणि अजूनही पेन टोपणाकडून चावायची.

“आल्या, आल्या,” बुआसी मावशीने पानाचा तोबरा गालात सरकवला. “बाई, ह्या वेळी काय मोजायचं राहिलंय? आमची उंची?”

“तुमची तोंडं,” खमपन म्हणाला. “माप पुरत नाही म्हणून थांबल्यात.”

हशा झाला. ओरापिन कडेला बसली. वही तिने सोबत आणली होती; ती उघडली नाही.

पिम्पिसाने सहा घरांची मतं पुन्हा एकदा वाचली. तीन आणि तीन. मग पेन तोंडातून काढलं.

“बाई, कुठली पद्धत लिहू?”

पंख्याचं एक पातं हलताना दर फेरीला टकटक करत होतं. ओरापिनने मिटलेल्या वहीवर हात ठेवला.

“रांजण.”

“सुटलो!” बुआसी मावशीने दोन्ही हात वर जोडले. “दोन वर्षं एका शब्दासाठी बसवलंत होय!”

खमपन चटईची एक काडी उपसत होता. त्याने वर पाहिलं नाही.

“मग कृतीच्या चौकोनात तुमचं नाव,” पिम्पिसा म्हणाली. अक्षर नेटकं यावं म्हणून तिने कागद तिरका केला.

“थांब.”

पेन थांबलं. ओरापिनचा आवाज वर्गातला नव्हता. मागे बसलेल्यांना तो ऐकायला पुढे झुकावं लागलं.

“माझं नको. मला येत नाही ते. थवी होता तोवर मी कधी विचारलं नाही. नंतर तुम्ही सगळे धरून चाललात आणि मी गप्प बसले. रांजणात आता त्याचं जवळजवळ काही उरलेलं नाही. मी हिशोब करून पाहिलाय.”

बुआसी मावशीचं चघळणं थांबलं. खमपनच्या बोटांतली काडी अर्धी वर आली होती, तशीच राहिली.

“मग कोणाचं लिहू, बाई?” पिम्पिसाने हळूच विचारलं.

“खमपन लिही,” ओरापिन म्हणाली. “आणि जागा उरली, तर पुढे लिही : रांजण धरणारी, ओरापिन.”