जनरलसाहेबांचा शिरस्ता

“गाडी वळली गं, आपल्याच इमारतीकडे!” शेजारची क्लावा खिडकीला नाक लावून उभी होती.

रिम्माच्या हातातला लापशीचा चमचा तिच्या तान्ह्या मित्याच्या ओठांशी थबकला. सकाळी चार विमानं उडाली होती. उतरल्याचे आवाज तिने मोजले होते. तीनच. चारांतलं एक तिच्या ग्लेबचं, एक क्लावाच्या नवऱ्याचं. छावणीतले फोन तासाभरापासून मुके होते.

“दिसतायत का ते?”

“काच गोठलीय. थांब ना, बाई!”

ते म्हणजे जनरल अर्काडी सावेलिच; ग्लेबचे वडील, या हवाई तळाचे प्रमुख. घरातसुद्धा रिम्मा त्यांना जनरलसाहेबच म्हणे. विमानाच्या चाकांत हवा भरण्यापासून त्यांनी सुरुवात केली होती. पुढे वैमानिक झाले, तुकडीचे प्रमुख झाले, जनरल झाले. पण तुकडी हाती आल्यापासून एक शिरस्ता मोडला नाही: वैमानिक गेला की बातमी स्वतः न्यायची, दुसऱ्याला धाडायचं नाही. असे अकरा जिने ते चढले होते, सोबत दर वेळी एक अधिकारी. सणाच्या दिवशी कुणाकडे गेले, तरी दार उघडणारीचे हात गार पडत.

खाली दार आपटलं. पावलं चढू लागली. पहिला मजला. दुसरा. रिम्माने मित्याला इतकं आवळलं की तो रडू लागला.

“ऐक,” क्लावा कुजबुजली, “एकाचीच पावलं. हलकी. हे ते नव्हेत!”

दारात एकटे डॉक्टर उभे होते. क्लावाला रडू नि हसू एकदमच फुटलं. “काय हो डॉक्टर, जीव घेतलात की! पोराला लस टोचायला आजचाच मुहूर्त सापडला?”

रिम्माने मित्याभोवतीची मिठी सैल केली. जनरलसाहेब आले नाहीत, म्हणजे या इमारतीतलं कुणी नाही.

डॉक्टर मात्र तिच्याकडेच पाहत होते. “ते खाली आहेत,” डॉक्टर म्हणाले. “पहिल्या पायरीशी. पाय उचलत नाहीये त्यांचा.”

क्लावाने तिच्या कडेवरून मित्याला काढून घेतलं.

रिम्मा कठडा धरून उतरली. पायरीवर बसलेले जनरलसाहेब तिला पाहून धडपडत उठले, ताठ झाले.

“तुमचे पती...” सुनेला त्यांनी कधी अहो-जाहो केलं नव्हतं. अकरा वेळा म्हटलेलं ते वाक्य तिथेच अडलं.

रिम्माही त्यांच्यासमोर सरळ उभी राहिली.

“सांगा,” ती म्हणाली. “ऐकतेय मी.”

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.